जयरामच्या वहीतले दोन शब्द

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, मित्रांनो, पण ‘जुना’ म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. डिचोलीच्या एका गॅस कारखान्यात मी आजही उभा आहे, आणि माझ्या खोलीत यायचं तर अजूनही कानात कापसाचे बोळे घालावे लागतात. मी मिनिटाला अकरा हजार फेरे मारतो, अकरा हजार! तुमच्या घरातला छताचा पंखा जिवाच्या आकांताने फिरला तरी साडेतीनशे-चारशेच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यातही तुम्ही त्याला ‘केवढा घरघरतो’ म्हणून नावं ठेवता. तेव्हा माझ्याशी जरा मानाने वागा.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. माझं कवच ओतून झालं, शाफ्ट लेथवर घासून झाला, आणि मग तीन आठवडे एक चष्मेवाले गृहस्थ केसापेक्षा बारीक मापं घेत माझ्याभोवती घिरट्या घालत होते. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर खडूने ‘पास’ असं लिहिलं. तो खडू आंबोली घाटातल्या धुक्याने पुसून टाकला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ट्रकवर बसून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग करत मी डिचोलीला उतरलो, तेव्हा माझ्या अंगावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर खाणीच्या ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ.

माझं काम सांगतो. मी हवा आत ओढतो, दाबतो आणि पुढे ढकलतो. पुढे एक उंच पोलादी पेटी आहे, तिला सगळे कोल्ड बॉक्स म्हणतात. तिथे इतकी थंडी असते की हवेचंसुद्धा पाणी होतं आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा निघतो. तो सिलिंडरांत भरला जातो. त्यातले काही सिलिंडर खाणींच्या वर्कशॉपांत लोखंड कापायला जातात आणि काही पणजी-म्हापशाच्या इस्पितळांत. म्हणजे तिकडे एखादा आजारी माणूस श्वास घेतो, त्यात थोडा वाटा माझा असतो. हे मी उगाच मिरवत नाही, पण विसरतही नाही.

आता माझ्या पोटात काय आहे तेही ऐकून घ्या, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आत एक शाफ्ट आहे आणि त्याच्यावर पात्यांचं चाक. शाफ्टला दोन्ही टोकांना आधार देतात ती बेअरिंगं. बेअरिंगात तेल असतं, आणि शाफ्ट त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बेअरिंगातलं हे तेल चाकाकडे जाऊ नये, हवेत मिसळू नये, म्हणून मध्ये असतं सील. बारीक दातांची एक कडी, शाफ्टला न टेकता त्याच्याभोवती बसलेली. बेअरिंगाने शाफ्ट सांभाळायचा आणि सीलने तेल अडवायचं, एवढंच लक्षात ठेवा.

मला बसवायला आलेल्या इंजिनियरांनी पहिल्या दिवशी सगळ्या कामगारांना माझ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, “याच्या हवेत तेल जाता कामा नये. कोल्ड बॉक्समध्ये चमचाभर तेल जमलं आणि ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली, तर या खोलीचं छप्पर डिचोलीच्या बाजारात शोधावं लागेल!” सगळे खो खो हसले. एक जयराम तेवढा हसला नाही.

जयराम म्हणजे माझा ऑपरेटर. पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा. घरी भाताची शेती, चार काजूची झाडं, आणि रोज दोन बसगाड्या बदलून डिचोलीला नोकरी. बिडी नाही, तंबाखू नाही. त्याचं टेबल माझ्यापासून वीस पावलांवर, जनेलाखाली. जनेल म्हणजे खिडकी, गोव्यात तिला खिडकी म्हणाल तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. कामावर आला की तो आधी माझ्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि विचारायचा, “कसो आसस रे म्हाताऱ्या?” मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून तो मला म्हातारा म्हणायचा! पण त्याच्या तळहाताला माझा ताप कळायचा, माझी थरथर कळायची. दर तासाला तो माझे आकडे वहीत लिहायचा, आणि त्या वहीत त्याने कधी एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही. मला खात्रीने माहीत आहे, आकडे माझेच होते.

आमच्या खोलीत एक रीत होती. चहाचे ग्लास धुतले की ते फडक्याने पुसायचे नाहीत. माझ्या बाजूला हवेची एक छोटी तोटी आहे, तिच्यासमोर ग्लास धरायचा, तोटी उघडायची, फुस्स! ग्लास कोरडा. बाहेरून नवा माणूस आला की त्याला ही गंमत आधी दाखवत. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. थांबा, या ग्लासांचं पुढे काम आहे.

चौदा वर्षं अशी छान गेली. तपासणीला येणारे साहेब माझ्या कवचावर पेन्सिल उभी करून बघायचे आणि ती पडत नसे. ‘घोडा आहे घोडा,’ म्हणायचे. मी घोडा कधी पाहिला नाही, पण म्हणणाऱ्याच्या तोंडावरून ते कौतुकच असावं.

मग सत्त्याऐंशी साल आलं आणि गोवा राज्य झालं. त्या वर्षी कँटीनमध्ये जेवणापेक्षा भाषेवरच जास्त तोंडं चालायची. कोणी म्हणे कोंकणी, कोणी म्हणे मराठी, आणि दोघंही भांडण मात्र एकाच बोलीत करायचे. आमचे मॅनेजर गोकुळदासबाब डिचोलीचेच, शांत माणूस. वहीत शेरा लिहायला एक रकाना असतो, आणि तो तोवर इंग्रजीत लिहायचा नियम होता. इंग्रजीच्या धाकाने तो रकाना चौदा वर्षं कोराच राहिला होता. गोकुळदासबाब म्हणाले, “आतां शेरो तुमच्या भाशेंत बरयात. कोंकणी बरयात, मराठी बरयात, पूण बरयात!” लिहा, पण एकदाचं काहीतरी लिहा. चांगलाच हुकूम होता तो. पण घोळ झाला तो त्यातूनच.

पुढच्या वर्षी, शिमगा संपून उन्हाळा तापू लागला तेव्हा, माझ्या आवाजात एक गुणगुण आली. माझा आवाज कसा, एकसुरी आणि खणखणीत. त्याच्या खालून एक जाडसर ‘हुंऽऽ’ येऊ लागला. बेअरिंगाची पांढऱ्या धातूची वाटी झिजली होती, आणि शाफ्ट तेलावर सरळ फिरायचं सोडून तेलाबरोबरच भोवऱ्यासारखा घुमू लागला होता. घुमता घुमता त्याने सीलचे दात घासले. दात घासले तशी फट वाढली, आणि एका दुपारी तेलाचा पहिला थेंब बेअरिंगातून निघून सील ओलांडून माझ्या हवेत शिरला. मित्रांनो, मला ते जाणवलं! पंधरा वर्षं ज्याची भीती घातली होती तेच मी करत होतो, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. वीस पावलांवर जयराम शांतपणे आकडे लिहीत बसला होता. छप्पर उडालं असतं तर सगळ्यात आधी तो गेला असता. मला बोलता येत नाही याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

कोल्ड बॉक्सच्या आधी एक गाळणी असते खरी. पण ती पाणी अडवायला, तेलापुढे ती किती दिवस टिकणार?

तिसऱ्या दिवशी जयरामने ग्लास धुतला, तोटीसमोर धरला, चहा ओतला आणि तोंडाजवळ नेऊन थबकला. त्याने चहा हुंगला. मग रिकामा ग्लास हुंगला. मग तोटी उघडून हवेतच नाक धरलं. बाकीच्यांना काही जाणवलं नव्हतं, त्यांच्या तोंडात तंबाखू आणि चहात आलं. जयराम टेबलाशी गेला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. दोनच शब्द: ‘तेल घाण.’

आता गोव्यात घाण म्हणजे वास, वाईट वास. मासळी नासली की घाण येते, गटार तुंबलं की घाण येते. जयरामला लिहायचं होतं, हवेला तेलाची घाण येतेय. जेवढं बोलतो तेवढं लिहायची त्याला सवय नव्हती, म्हणून दोन शब्दांत आटपलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता मला बंद करतील, उघडतील, बघतील.

पण वही वाचायचं काम सदाशिवकडे होतं. सदाशिव आमचा फिटर, कोल्हापूरकडचा, गडहिंग्लजच्या बाजूचा. हाडापेराने दणकट, कामाला वाघ, आणि त्याचं वर्कशॉप आवाराच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या खोलीत तो कामापुरताच यायचा. आमचा चहाही त्याने कधी चाखला नव्हता, कारण चहा तो पीतच नसे. सकाळी पितळेच्या तांब्यात घरून दूध आणायचा आणि तेच प्यायचा. त्याने वाचलं, ‘तेल घाण.’ कोल्हापूरच्या माणसाला घाण म्हणजे मळ, कचरा. तो म्हणाला, “तेल खराब झालंय व्हय? मग बदलू की!” आणि त्याने माझं सगळं तेल काढलं, टाकी धुतली, नवं तेल भरलं. वहीत लिहिलं, ‘तेल बदलले’, आणि खाली झोकदार सही.

जयरामने ते वाचलं. त्याला वाटलं, हाच उपाय असेल बाबा, फिटरला आपल्यापेक्षा जास्त कळतं. दोन दिवस त्याने वाट पाहिली, ग्लास हुंगला आणि पुन्हा लिहिलं, ‘तेल घाण.’ सदाशिवने पुन्हा तेल बदललं, या खेपेला तेलाची गाळणीसुद्धा. पुन्हा ‘तेल घाण.’ पुन्हा तेल. एकदा दोघांची दारात गाठही पडली.

“सदाशिवा, घाण अजून येता रे पुता,” जयराम म्हणाला.

“आजच बघतो की मामा! काळजी नगा करू,” सदाशिव म्हणाला, आणि गेला तो तेलाचा डबा आणायला.

काय करावं या दोघांना! एक जीव तोडून सांगत होता, दुसरा जीव तोडून करत होता, आणि मी दोघांच्या मध्ये उभा राहून हवेत तेल सोडत होतो. मला दोन्ही भाषा येतात. जन्म तिकडचा, आयुष्य इकडचं. एक शब्द बोलता आला असता तर सगळं मिटलं असतं.

चौथ्या खेपेला सदाशिवने तेल काचेच्या बाटलीत भरलं आणि उन्हात धरलं. लख्ख! तो चिडला. त्याचंही बरोबर होतं, स्वच्छ तेल चार चारदा ओतून देणं कोणाला आवडेल? तो गोकुळदासबाबांकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, तेल काचेगत निर्मळ हाय. जयराममामांना ते घाण दिसतंय. वय झालंय, नजर गेली असंल. मशीनवर असा माणूस नगं, कधीतरी घात हुईल.” त्याच्या मनात काळं नव्हतं. त्याला खरंच जयरामची आणि माझी काळजी वाटत होती.

गोकुळदासबाबांनी वही मागवायला हवी होती, ती मागवली नाही. त्यांनी जयरामला बोलावून सांगितलं, “जयराम, तुमी एकदां पणजे वचून दोळे दाखवून येयात.”

“दोळे?” जयराम म्हणाला. “दोळ्यांक म्हज्या काय जालां?”

तेवढ्यात फोन वाजला आणि गोकुळदासबाबांनी त्याला हाताने निरोप दिला. जयराम मोठ्यांपुढे वाद घालणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी बस पकडून तो पणजीला गेला आणि डोळे तपासून आला. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम, बारीक अक्षरांपुरता चष्मा लावा. तो काळ्या काड्यांचा चष्मा लावून जयराम पुन्हा टेबलाशी बसला, आणि त्याने पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. फक्त आता जरा ठळक. आहे की नाही गंमत? नाकाने तक्रार करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर इलाज झाला! मी त्या दिवशी मनात हसलोही आणि रडलोही.

आठवड्याभरात हुकूम निघाला. सोमवारपासून जयराम मशीनवर नाही. तो गेटवर बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिणार. पगार तोच, मान वेगळा. जयरामने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “म्हाताऱ्या,” तो म्हणाला, “म्हजी घाण कोणाकूच येना रे.” म्हणजे, मला येतो तो वास इतर कोणालाच येत नाही. तो गेटवर गेला की माझ्या हवेत कोणी नाक धरणार नव्हतं, आणि गाळणी तर भरतच आली होती. एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो.

शनिवार उजाडला, जयरामचा माझ्याजवळचा शेवटचा दिवस. त्याच्या निरोपाला कँटीनवाल्याने पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, ताजे उंडे आणले होते. गोव्याचा तो गोल, जाड पाव, गरम गरम. सदाशिवलाही बोलावलं. तो आला, जरा ओशाळलेलाच, कारण बदली त्याच्या सांगण्यावरून झाली होती हे त्याला ठाऊक होतं. घाईत तांब्या घरी राहिला होता. कोणीतरी त्याच्यासाठी दूध मागवलं. जयरामने स्वतःच्या हाताने ग्लास धुतला, तोटीसमोर धरला, फुस्स केलं, दूध ओतलं आणि त्याच्या हातात दिलं.

दूध, मित्रांनो, फार हळवं असतं. कसलाही वास लगेच धरतं. सदाशिवने घोट घेतला आणि ताडकन थुंकला.

“अगागागा! ह्या दुधाला तेलाचा वास येतोय!”

“येता मूं?” जयराम उठूनच उभा राहिला. “येता मूं घाण? तेंच हांव म्हयनोभर बरयतां मरे! तेलाची घाण येता, घाण येता!”

सदाशिव ग्लासाकडे बघत राहिला. मग त्याने जयरामकडे पाहिलं. “मामा,” तो जवळ येऊन म्हणाला, “तुमच्यात घाण म्हंजे... वास व्हय?”

“मग आनीक काय?”

सदाशिव धावत तोटीशी आला, तोटी उघडून खिशातला पांढरा रुमाल समोर धरला. पाच मिनिटं धरला. रुमालाच्या मधोमध पिवळसर डाग उठला, रुपयाएवढा. पहिल्या दिवशीचं इंजिनियरांचं बोलणं इथल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं जातं, त्यालाही ते पाठ होतं. त्याने कोल्ड बॉक्सकडे बघितलं आणि ओरडला, “मामा, बंद करा! बंद करा मशीन!”

जयराम आधीच तिथे पोचला होता. लाल बटण त्याच्या नेहमीच्या ठिकाणी होतं आणि चष्मा टेबलावरच राहिला होता. चष्म्याशिवाय, न चुकता, त्याने ते दाबलं. अकरा हजारांवरून मी हळूहळू खाली आलो. दहा, सहा, दोन... आणि थांबलो. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक ऐकू येऊ लागले. थांबताना एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

गोकुळदासबाब धावत आले. त्यांनी आधी रुमाल पाहिला, मग वही मागवली. महिन्याभराची पानं ते उलटत गेले. ‘तेल घाण.’ ‘तेल बदलले.’ ‘तेल घाण.’ ‘तेल बदलले.’ ते डिचोलीचे, त्यांना एका पानातच कळलं. त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांसमोर जयरामचे दोन्ही हात धरले. “माफ करात,” ते म्हणाले. “वाचपाचें काम म्हजें आशिल्लें.” वाचायचं काम माझं होतं. मॅनेजरने असं म्हणणं सोपं नसतं, मित्रांनो. मी तरी दुसऱ्या कुठल्या मॅनेजरला म्हणताना ऐकलेलं नाही.

सिलिंडरांचा साठा होता, इस्पितळांचं अडलं नाही. मला उघडलं. गाळणी तेलाने चिंब होती, पण तेल तिच्यापाशीच अडलं होतं. कोल्ड बॉक्स तपासला, धुतला. आणखी आठवडाभर मी चाललो असतो, तर ते कोल्ड बॉक्समध्ये पोचलं असतं.

मग प्रश्न आला माझा. सीलचे दात सगळे झिजलेले. गोकुळदासबाब म्हणाले, तसंच नवं सील दोन दिवसांत मिळेल, ते घाला आणि सुरू करा. सदाशिव तयारही झाला होता. पण या वेळी तो शहाणा झाला होता. तो जयरामसमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “मामा, आता मला पैल्यापास्नं सांगा. जे काय दिसलं, ऐकलं, समदं. आन शब्द समजला न्हाई तर मी इचारणार.”

“पयलीं घाण येवंक ना,” जयराम म्हणाला. “पयलीं हो गुणगुणलो.”

“गुणगुणलो म्हंजे?”

जयरामने तोंड मिटून आवाज काढून दाखवला, ‘हुंऽऽ’. हुबेहूब माझा! सदाशिवने मांडीवर थाप मारली. आधी गुणगुण, मागून वास. म्हणजे आधी बिघडलं बेअरिंग, आणि सील गेलं ते त्यामुळे. “साहेब,” तो गोकुळदासबाबांना म्हणाला, “नुसतं सील बदलून काय उपेग? शाफ्टच नाचतोय. नव्या सीलचं बी दात तो सहा महिन्यात खाणार. करायचं तर दोन्ही करू, आन जुन्यापरास चांगलं करू.”

आणि तसंच केलं. तीन आठवडे लागले. माझ्या जुन्या गोल वाट्या काढून पाच पाच तुकड्यांचं नवं बेअरिंग घातलं. त्यातला प्रत्येक तुकडा शाफ्टच्या भाराप्रमाणे स्वतः थोडा कलतो, त्यामुळे तेलाला भोवरा करायला जागाच मिळत नाही. दातांच्या सीलच्या जागी कार्बनच्या कड्यांचं सील आलं, शाफ्टला अगदी लगटून बसणारं. आणि सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये स्वच्छ हवेचा एक झोत सोडला, म्हणजे चुकार थेंब निघालाच तर तो उलटा बेअरिंगाकडेच ढकलला जावा. नवे भाग बसवताना सदाशिव एकेक माप तीन तीनदा घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा. जयराम चष्मा लावून ते वहीत लिहायचा. गेटचा कागद कुठे गेला ते कोणी विचारलं नाही.

सुरू करायच्या दिवशी सगळे जमले. जयरामने हिरवं बटण दाबलं. दोन हजार, सहा हजार, अकरा हजार! आणि माझ्या गळ्यातून तोच जुना सूर निघाला, एकसुरी, खणखणीत. गुणगुण औषधालाही नाही. मला मोठ्याने गावंसं वाटत होतं, आणि तसं पाहिलं तर मी गातच होतो. सदाशिवने माझ्या पाठीवर पेन्सिल उभी केली. ती उभी राहिली. मग जयरामने ग्लास धुतला, तोटीसमोर धरला, हुंगला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो सरळ टेबलाशी गेला आणि त्याने लिहिलं: ‘घाण ना.’ सदाशिवने ते वाचलं आणि खाली आपल्या झोकदार अक्षरात लिहिलं: ‘वास न्हाई. खरं हाय.’ आणि मग सही.

दोन वर्षांनी जयराम निवृत्त झाला. त्या दोन वर्षांत ‘घाण ना’ हे दोन शब्द वहीत रोज पडले, एक दिवस चुकला नाही. शेवटच्या दिवशी त्याला शाल दिली, नारळ दिला. तो माझ्यापाशी आला, पाठीवर हात ठेवला, आणि डोळ्यांवरचा तो काळ्या काड्यांचा चष्मा काढून माझ्या बाजूच्या खिळ्याला अडकवला.

“दोळे हांगाच रांवूं रे म्हाताऱ्या,” तो म्हणाला. “नाक तेवढें घेऊन वतां.”

डोळे इथेच राहू देत, नाक तेवढं घेऊन जातो. सगळे हसले. सदाशिव मात्र तोंड फिरवून रुमालाने डोळे टिपत होता.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल घाला, पुसा, मापं घ्या, ते तर हवंच. पण आम्हाला तोंड नाही. आमचं दुखणं आमच्याजवळ बसणाऱ्या माणसाच्या नाकातून, कानातून आणि तळहातातून बाहेर येतं. म्हणून तो माणूस काही म्हणाला आणि तुम्हाला ते वेगळं वाटलं, तर त्याला पणजीला पाठवण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, “म्हणजे काय हो?” माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे.

तो चष्मा अजून त्या खिळ्यावर आहे. माझ्या थरथरीने तो जराही हलत नाही.